उसन्या वेळेतलं काम

इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकताना ‘क’ हवा असेल, तर ज्या बटणावर इंग्रजी ‘के’ छापलेलं असतं ते दाबायचं. बटण खाली गेलं की संगणकाच्या आत जे पोचतं त्यात ‘क’ नसतो आणि ‘के’ही नसतो. पोचतो तो ३७ हा आकडा. बोट उचललं की १६५. पण आकड्याच्याही आधी एक खूण पोचते. कीबोर्डसाठी राखलेल्या, आयआरक्यू १ नावाच्या तारेवरचा विजेचा दाब बदलतो. कोणतं बटण, दाबलं की सोडलं, यातलं काहीही त्या खुणेत नसतं. ‘कीबोर्डकडे काहीतरी आलंय, येऊन घेऊन जा’, एवढंच ती सांगते. या खुणेला हार्डवेअर इंटरप्ट म्हणतात.

ही खूण आल्यावर जो कोड धावतो तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिव्हाइस ड्रायव्हरचा भाग असतो. त्याचं नाव इंटरप्ट हँडलर. बऱ्याचदा तो जेमतेम दहा-पंधरा ओळींचा असतो. पण त्या ओळी लिहिण्याचे नियम बाकी कोडच्या नियमांपेक्षा फार कडक आहेत, आणि ते वरवर पाहता विचित्र वाटतात: इथे झोपायचं नाही, इथे मेमरी मागताना जपून, इथे हे लॉक चालणार नाही. नवे प्रोग्रॅमर हे नियम पाठ करतात. खरं तर पाठ करायची गरज नाही. एक गोष्ट नीट समजली की सगळे नियम आपोआप सुचतात. ती गोष्ट अशी: हँडलरला स्वतःचा वेळ नसतो. तो दुसऱ्याच्या वेळेत काम करतो.

वाट पाहण्याची किंमत

इंटरप्टची गरज का पडली हे साध्या गुणाकाराने कळतं. सेकंदाला पाच अक्षरं टंकणारा माणूस चांगलाच वेगवान म्हणायचा. त्याच्या दोन अक्षरांमध्ये २०० मिलिसेकंद जातात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ६० कोटी ठोके पडतात. ‘आलं का अक्षर?’ असं प्रोसेसरने कीबोर्डला सारखं विचारत बसायचं ठरवलं, तर हे साठ कोटी ठोके नुसत्या विचारण्यात जातील. या सतत विचारण्याला पोलिंग म्हणतात. विचारणं कमी करावं तर अक्षर उशिरा कळतं. ज्याच्याकडे बातमी आहे त्यानेच हाक मारायची, ही सोय केली की हा पेच सुटतो.

हाक मारण्याची ही कल्पना संगणकांच्या पहिल्या पिढीतलीच. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५४ साली पूर्ण केलेल्या डायसिॲक या यंत्रात बाहेरच्या उपकरणाच्या इशाऱ्यावर चालू काम थांबवून दुसऱ्या कामाकडे वळण्याची सोय होती. काही वर्षांनी ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये एक्स१ या संगणकाची आखणी चालली होती. ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टन यांनी त्यात इंटरप्ट घालायचं ठरवलं, आणि त्यासाठीचा कोड लिहायचं काम तरुण एड्सगर डाइक्स्ट्राकडे आलं. पुढे संगणकशास्त्रातला फार मोठा माणूस ठरलेला डाइक्स्ट्रा या कल्पनेने धास्तावला होता. तोवर प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चालवला की पहिल्यासारखाच चालायचा. चूक झाली तर तीच चूक पुन्हा करून दाखवता यायची. इंटरप्ट मात्र कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकतो, आणि पुढच्या वेळी तो त्याच जागी येईल याची काहीच शाश्वती नसते. म्हणजे चूक घडेल, पण पुन्हा पकडता येणार नाही. डाइक्स्ट्राने अखेर तो कोड लिहिला, आणि तेच काम त्याच्या १९५९च्या पीएचडी प्रबंधाचा विषय झालं. त्याची धास्ती मात्र रास्त होती. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची झोप ती आजही उडवते.

खूण आल्यावर काय घडतं

आता ३७ या आकड्याचा प्रवास जवळून पाहू. अनेक लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डसाठी आजही जुन्या पीसीतलीच पद्धत वापरतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

कीबोर्ड कंट्रोलर आकडा आपल्या रजिस्टरमध्ये ठेवतो आणि आयआरक्यू १ची तार उचलतो. ही तार थेट प्रोसेसरला जोडलेली नसते. मध्ये इंटरप्ट कंट्रोलर असतो. १९८१च्या आयबीएम पीसीत हे काम इंटेलची ८२५९ ही चिप करायची. तिला आठ तारा जोडता येत. शून्य क्रमांकावर टायमर, एकवर कीबोर्ड. १९८४च्या पीसी-एटीमध्ये तशीच दुसरी चिप पहिलीला जोडली आणि वापरण्याजोग्या तारा पंधरा झाल्या. एकाच वेळी अनेकांनी हाक मारली तर आधी कुणाचं ऐकायचं, हे कंट्रोलर ठरवतो.

प्रोसेसर हातातली सूचना पूर्ण करतो. अर्ध्यावर सोडत नाही. मग आपण कुठे होतो तो पत्ता आणि फ्लॅग्ज स्टॅकवर ठेवतो, पुढचे इंटरप्ट तात्पुरते बंद करतो आणि एका तक्त्यात पाहतो. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर या तक्त्यात २५६ नोंदी असतात. पहिल्या ३२ प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखीव, जसं की शून्याने भागाकार. उरलेल्यांपैकी एक कीबोर्डच्या वाट्याची. तिथल्या पत्त्यावर प्रोसेसर उडी मारतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, छोटा कोड उरलेली रजिस्टरं जपून ठेवतो आणि ड्रायव्हरचा हँडलर बोलावतो.

हँडलर कीबोर्ड कंट्रोलरला विचारतो, खरंच काही आहे का? असेल तर ३७ वाचून घेतो. वाचल्याबरोबर कंट्रोलरची जागा रिकामी होते आणि पुढच्या आकड्याला वाट मिळते. हँडलर आकडा पुढे सोपवतो आणि परततो. काम झाल्याची पोच कर्नल इंटरप्ट कंट्रोलरला देतो. रजिस्टरं जशीच्या तशी परत ठेवली जातात. मध्ये थांबवलेला प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. आपल्याला कुणी थांबवलं होतं याचा त्याला पत्ताही नसतो. ३७ म्हणजे कोणतं बटण, इनस्क्रिप्ट चालू आहे का, मग पडद्यावर ‘क’ कसा काढायचा, हे सगळं नंतर, निवांत होतं.

लिनक्स वापरणाऱ्याला हे डोळ्यांनी पाहता येतं. प्रॉक डिरेक्टरीत इंटरप्ट्स नावाची फाइल असते. तीत दर तारेसाठी एक ओळ आणि दर प्रोसेसरसाठी एक रकाना असतो. एक क्रमांकाची, आय८०४२ असं लिहिलेली ओळ कीबोर्डची. दुसऱ्या खिडकीत एक अक्षर दाबून सोडलं की तिथला आकडा दोनने वाढतो: एक दाबण्याचा, एक सोडण्याचा.

हा वेळ कुणाचा?

थांबवला गेलेला प्रोग्रॅम कोणता होता? कुठलाही. कदाचित कुणी व्हिडिओ पाहत असेल, कदाचित एखादा हिशेब चालू असेल. कीबोर्डशी त्याचा काही संबंध असायचं कारण नाही. तरीही कीबोर्डचा हँडलर त्याच्या वाट्याचा वेळ घेऊन चालला. हीच ती उसनवारी. सगळे नियम इथून निघतात.

पहिला नियम, झोपायचं नाही. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये झोपणं म्हणजे ‘मला आत्ता पुढे जाता येत नाही, माझ्या जागी दुसऱ्याला चालव’ असं शेड्यूलरला सांगणं. पण हँडलर ‘मी’ म्हणतो तेव्हा तो कुणाबद्दल बोलतो? चालू प्रोसेस त्याची नाहीच. तो झोपला तर भलताच प्रोग्रॅम बाजूला पडेल. लिनक्सला हे आढळलं की ‘शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक’ असा संदेश लॉगमध्ये उमटतो. मेमरीचा नेहमीचा मार्ग हँडलरला बंद असतो तोही यासाठीच. मेमरी शिल्लक नसेल तर त्या मार्गावर वाट पाहावी लागते. हँडलरने ‘असेल तर दे, नसेल तर नाही म्हण’ अशाच बोलीवर मेमरी मागायची आणि नकार पचवायची तयारी ठेवायची.

दुसरा नियम, वापरकर्त्याच्या मेमरीला हात लावायचा नाही. त्या क्षणी समोर दिसणारी मेमरी थांबवलेल्या परक्या प्रोग्रॅमची असते. आपल्या माणसाचा डेटा तिथे लिहिला, तर तो दुसऱ्याच्याच घरात पडेल.

तिसरा नियम लॉकचा, आणि डाइक्स्ट्राची धास्ती नेमकी इथे खरी ठरते. ड्रायव्हरच्या साध्या कोडने एक लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी, घेतलं आहे आणि तो एखाद्या बफरमध्ये भर घालतो आहे. त्याच वेळी त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट येतो. हँडलरलाही तोच बफर हवा, म्हणून तो तेच लॉक मागतो आणि मिळेपर्यंत जागीच गिरक्या घेत राहतो. लॉक सोडणार कोण? ज्याने घेतलं तो. पण तो हँडलर परतल्याशिवाय पुढे सरकू शकत नाही, आणि हँडलर लॉक मिळाल्याशिवाय परतत नाही. प्रोसेसर कायमचा अडकला. यावरचा उपाय म्हणजे हँडलरशी वाटून घेतलेलं लॉक साध्या कोडने घेताना त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट आधी बंद करायचे, आणि लॉक सोडताना पूर्वीच्या स्थितीला आणायचे. हे विसरलेला ड्रायव्हर महिनोन् महिने बिनतक्रार चालतो, कारण इंटरप्ट नेमका त्या दोन-चार सूचनांच्या मध्येच यावा लागतो. म्हणून लिनक्समध्ये लॉकडेप नावाचं साधन आहे. कोणतं लॉक कुठल्या परिस्थितीत घेतलं याची ते नोंद ठेवतं आणि प्रत्यक्ष अडकण्याची वाट न पाहता ‘इथे अडकू शकतं’ असं सांगतं. न दिसणारी चूक दिसण्याजोगी करणाऱ्या अशा साधनांचं मोल फार आहे.

चौथा नियम, लवकर उरका. हँडलर चालू असताना त्या प्रोसेसरवर बाकीचे इंटरप्ट थांबलेले असतात. म्हणजे उसनवारी फक्त प्रोग्रॅमकडून नसते, शेजारच्या उपकरणांकडूनही असते. जुन्या सीरियल पोर्टचं उदाहरण बोलकं आहे. सेकंदाला १,१५,२०० बिट हा त्याचा नेहमीचा कमाल वेग. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, दर ८७ मायक्रोसेकंदांना एक. ८२५० या जुन्या चिपमध्ये आलेला बाइट ठेवायला एकच जागा होती. दुसऱ्या कुणाच्या हँडलरने यापेक्षा जास्त वेळ खाल्ला, की पुढचा बाइट आधीच्यावर येऊन पडे आणि आधीचा कायमचा जाई. पुढच्या १६५५० चिपमध्ये सोळा बाइटांची रांग आली आणि ही मुदत जवळपास १.४ मिलिसेकंदांपर्यंत वाढली. विंडोजच्या ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्ट हँडलरसाठी २५ मायक्रोसेकंदांची मर्यादा सुचवतं, ती या हिशेबाशी ताडून पाहावी.

आधी उपकरणाला शांत करा

हाक ऐकली की ती थांबवणं ही हँडलरची पहिली जबाबदारी. पीसीआय पद्धतीच्या तारांवर उपकरण हाक मारून मोकळं होत नाही. दखल घेतली जाईपर्यंत ते तार धरून ठेवतं. हँडलर उपकरणाला पोच न देता परतला, तर इंटरप्ट पुन्हा उघडताक्षणी तीच हाक परत येते, आणि परत. प्रोसेसर दुसरं काहीच करू शकत नाही.

त्यात एकाच तारेवर अनेक उपकरणं असू शकतात. कर्नल त्या तारेवरच्या सगळ्या हँडलरना बोलावतो. प्रत्येकाने आपल्या उपकरणाचं रजिस्टर पाहून प्रामाणिकपणे सांगायचं, ‘हे माझं’ किंवा ‘हे माझं नाही’. कुणीच ‘माझं’ म्हणालं नाही तर? लिनक्स मोजत राहतो. एक लाखापैकी ९९,९०० इंटरप्ट बेवारस निघाले, की तो ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश लिहून ती तार बंद करतो. मग त्या तारेवरची निर्दोष उपकरणंही मुकी होतात.

पोच देण्यातही एक खाच आहे. ड्रायव्हर उपकरणाच्या रजिस्टरमध्ये ‘ऐकलं, थांब’ असं लिहितो. पण पीसीआयवर लिहिलेली गोष्ट लगेच पोचते असं नाही. वाटेतल्या ब्रिजमध्ये ती क्षणभर रेंगाळू शकते. तेवढ्यात हँडलर परतला तर तार अजून धरलेलीच असते आणि निष्कारण दुसरा इंटरप्ट येतो. जाणकार ड्रायव्हरमध्ये म्हणूनच लिहिल्यावर लगेच त्याच उपकरणाचं एखादं रजिस्टर वाचलेलं दिसतं. वाचनाचं उत्तर यायचं तर आधी लिहिलेलं पोचावंच लागतं. वाचलेली किंमत कुठेच वापरलेली नसते, आणि ‘ही ओळ निरुपयोगी आहे’ म्हणून ती काढून टाकण्याचा मोह होतो. काढू नये.

सुरुवात आणि शेवटाचा क्रमही ठरलेला. आधी ड्रायव्हरचे बफर आणि लॉक तयार करायचे, मग हँडलरची नोंदणी करायची, आणि उपकरणाला हाक मारायची मुभा सर्वांत शेवटी द्यायची. आवरताना नेमकं उलट. वाटून घेतलेल्या तारेवर तर नोंदणी होताक्षणी शेजाऱ्याच्या हाकेने आपला हँडलर बोलावला जाऊ शकतो. लिनक्समध्ये चाचणीसाठी एक पर्याय आहे. तो चालू केला की अशा तारेवरची नोंदणी रद्द होताना कर्नल मुद्दाम खोटी हाक मारतो. क्रम चुकलेला ड्रायव्हर तिथेच उघडा पडतो.

आत्ताचं आत्ता, बाकीचं नंतर

हँडलरने लवकर उरकायचं, पण काम तर मोठं आहे. नेटवर्क कार्डवर पॅकेट आलं की तपासायचं, त्यातला पत्ता पाहायचा, योग्य प्रोग्रॅमकडे पोचवायचं. लिनक्समध्ये म्हणून कामाचे दोन भाग पाडतात: टॉप हाफ आणि बॉटम हाफ. टॉप हाफ म्हणजे हँडलर: उपकरणाला पोच द्यायची, आत्ता घेतलं नाही तर हरवेल तेवढंच घ्यायचं, आणि उरलेल्याची चिठ्ठी ठेवायची. बॉटम हाफ नंतर चालतो, तेव्हा इंटरप्ट पुन्हा उघडलेले असतात. तो सॉफ्टआयआरक्यू म्हणून चालला तर वेगवान असतो, पण त्यालाही झोपता येत नाही. वर्कक्यूमध्ये टाकला तर कर्नलच्या स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतो आणि हवं तर झोपू शकतो. विंडोजमध्येही हीच विभागणी आहे. तिथल्या नंतरच्या भागाला डीपीसी म्हणतात.

कुठे रेघ मारायची हे ठरवण्यात ड्रायव्हर लिहिणाऱ्याची खरी कसोटी आहे. कसोटीचा प्रश्न एकच: हे आत्ता केलं नाही तर काय बिघडेल? काही बिघडत नसेल, तर ते उसन्या वेळेत करायचा आपल्याला हक्क नाही.

हाकांचा पूर

कधी कधी हँडलर कितीही छोटा असला तरी पुरत नाही. एक गिगाबिटच्या इथरनेटवर सर्वांत लहान पॅकेट आली तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार येऊ शकतात, दर ६७२ नॅनोसेकंदांना एक. दर पॅकेटमागे एक इंटरप्ट, आणि प्रत्येकाला फक्त एक मायक्रोसेकंद लागला असं धरलं, तरी एका सेकंदाचं काम एका सेकंदात मावत नाही. प्रोसेसर नुसत्या हाका ऐकत राहतो. आलेली पॅकेट पुढे सरकवायला वेळच उरत नाही, रांगा भरतात आणि पॅकेट फेकली जातात. यंत्र पूर्ण ताकदीने चाललेलं आणि हाती शून्य. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली या अवस्थेचा सविस्तर अभ्यास मांडला. तिला रिसीव्ह लाइव्हलॉक म्हणतात.

उपाय विलक्षण आहे. ज्या पोलिंगला आपण सुरुवातीला रजा दिली, तेच इथे मदतीला येतं. या शतकाच्या सुरुवातीला लिनक्समध्ये नॅपी ही पद्धत आली. पहिलं पॅकेट इंटरप्टने कळतं. हँडलर लगेच त्या कार्डचा इंटरप्ट बंद करतो आणि पोलिंगची चिठ्ठी ठेवतो. मग बॉटम हाफ एका वेळी सहसा ६४ पॅकेट उचलतो. ६४ पुरती मिळाली तर आणखी असणार, म्हणून इंटरप्ट बंदच ठेवून पुन्हा फेरी. कमी मिळाली तर गर्दी ओसरली, तेव्हा इंटरप्ट पुन्हा चालू. वर्दळ कमी असताना हाक, वर्दळ वाढल्यावर फेरी. शेवटची तपासणी आणि इंटरप्ट चालू करणं यांच्या मधल्या फटीत एखादं पॅकेट आलं तर ते तिथेच पडून राहू नये, याची काळजी मात्र ड्रायव्हरने घ्यायची असते.

हार्डवेअरही बदललं. आजच्या पीसीआय एक्सप्रेस उपकरणांना हाकेसाठी वेगळी तार लागत नाही. एमएसआय पद्धतीत उपकरण मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर एक आकडा लिहितं आणि तेच इंटरप्ट ठरतं. एमएसआय-एक्समध्ये एका उपकरणाला २०४८पर्यंत वेगवेगळे इंटरप्ट मिळू शकतात. त्यामुळे नेटवर्क कार्ड प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी रांग ठेवतं आणि ज्याची रांग त्यालाच हाक मारतं. तार वाटून घेण्याची आणि ‘हे माझं की तुझं’ विचारण्याची गरजच राहत नाही.

स्वतःच्या खात्यावर

उसनवारी पूर्णच मिटवता येईल का? २००९ साली लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीत थ्रेडेड हँडलर आले. यात हँडलरचं मुख्य काम एका स्वतंत्र थ्रेडमध्ये होतं. त्याला स्वतःची ओळख असते, स्वतःची प्राथमिकता असते, आणि त्याचा वेळ त्याच्याच नावावर मांडला जातो. तो झोपू शकतो. त्याच्यापेक्षा महत्त्वाचं काम आलं तर शेड्यूलर त्याला बाजूला करू शकतो. कारखान्यातल्या यंत्राला ठरल्या क्षणी हालचाल करायची असते, तेव्हा हे फार मोलाचं ठरतं, कारण कुठल्याशा कार्डाचा हँडलर मध्ये घुसून त्या क्षणाचा घास घेऊ शकत नाही. सुमारे वीस वर्षं वेगळी वाढवलेली प्रीएम्प्ट-आरटी ही सुधारणा २०२४ साली लिनक्स ६.१२मध्ये मुख्य कर्नलचा भाग झाली. ती वापरली की जवळपास सगळे हँडलर असे थ्रेडमध्ये जातात. बदल्यात थ्रेड उठवण्याचा आणि अदलाबदलीचा थोडा खर्च सोसावा लागतो.

तरीही टायमरचा इंटरप्ट आणि थ्रेडला उठवणारा छोटासा कोड उसन्या वेळेतच चालतो. ते टाळता येत नाही. बाहेरची बातमी ऐकायची तर कुणाला तरी क्षणभर थांबवावंच लागतं. म्हणून ड्रायव्हर वाचायला शिकणाऱ्याने सुरुवात हँडलरपासून करावी आणि तीन प्रश्न विचारावेत. हाक आपल्याच उपकरणाची आहे हे याने तपासलं का? उपकरणाला शांत केलं का? नंतर करता येण्याजोगं सगळं नंतरसाठी ठेवलं का? तिन्हींची उत्तरं त्या दहा-पंधरा ओळींत सापडली, तर आपण खर्च करतो आहोत तो वेळ दुसऱ्याचा आहे, हे लिहिणाऱ्याने ओळखलं होतं असं खुशाल समजावं. बाकीचा ड्रायव्हर वाचायला मग भीती वाटत नाही.